‘राहू द्या’ म्हणजे काय?

सभागृहाच्या दारात तो असा उभा होता, की त्याला बाजूला केल्याशिवाय कोणाला आत जाताच आलं नसतं. बगलेत तीन जाडजूड रजिस्टरं, केसांवर प्रवासातली धूळ, आणि चेहऱ्यावर ‘मी ऐकणार नाही’ असा भाव.

“मॅडम, व्यवस्थापन परिषदेसमोर मले पाच मिनिटं बोलू द्या.”

“परिषदेसमोर बाहेरचं कोणी बोलत नाई,” मी म्हणाले. “अन् बैठक तीन आठवड्यांनी हाय. आज आत शिपाई फक्त खुर्च्या पुसून राहिले.”

तो हसला. हसताना एक रजिस्टर सटकलं, ते मी झेललं आणि आमची ओळख झाली.

त्याचं नाव ललित. आमच्या विद्यापीठाचं अकोल्याला एक विद्यार्थी सुविधा केंद्र आहे. एक खोली, एक खिडकी आणि खिडकीमागे एकटा हा. गुणपत्रिकेतली नावाची चूक, राहिलेला शिक्का, पदवीचा अर्ज – सगळं तिथंच व्हायचं. पुढच्या बैठकीत अकरावा विषय होता : हे केंद्र बंद करून तिथल्या कर्मचाऱ्याला अमरावतीच्या मुख्य कार्यालयात सामावून घ्यावं. धोरण म्हणे. काटकसरीचं.

मी सभा कक्षात सहायक. बैठकीआधी विषयांच्या टिपण्या तयार करायच्या आणि नंतर काय ठरलं ते इतिवृत्तात लिहायचं, हे माझं काम. परिषद ठरवते, पण काय ठरलं ते आम्ही ठरवतो, असं आमच्या कक्षात गमतीनं म्हणतात. त्या महिन्यात मला त्या गमतीची भीती वाटायला लागली.

“बोलता येत नाई, पण केंद्रात किती पोरं येतात, ते आकडे टिपणीले जोडता येतात,” मी त्याला सांगितलं. “रजिस्टरं ठेवून जा.”

मग रोज फोन. आधी आकड्यांसाठी... नंतर आकडे संपले तरी.

“तुमी फोनवर लय कडक बोलता,” एकदा तो म्हणाला.

“मंग?”

“मंग काई नाई. दिवसभर ऐकावं वाटते.”

मी फोन ठेवून दिला. आणि समोरच्या फाइलवर तारीख चुकीची टाकली, तीही दोनदा.

बैठकीच्या आठवडाभर आधी तो रजा टाकून आला. आम्ही कँटीनमध्ये दह्यात भिजलेला गिला वडा खाल्ला. बाहेर थंडीचं कोवळं ऊन होतं.

“केंद्र बंद झालं तं मी इकडंच येतो,” तो म्हणाला. “रोज दुपारी हाच टेबल... तुमी अन् मी.”

“मंग एवढे आकडे काहून जमवून राहिले?”

त्यानं बशी बाजूला सारली. “मले दोन्ही पाहिजे, रागिणी मॅडम. तेच तं कठीण हाय.”

बैठकीत अकरावा विषय जेवणानंतर आला. सूर्यभानजी नावाचे वयस्क सदस्य उठले. “साहेब, तेल्हाऱ्याची पोट्टी दोन गाड्या बदलून अकोल्याले येते. तिले आणखी अमरावतीले काहून पळवता? राहू द्या.”

कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं, मान हलवली. “बरं, राहू द्या. पुढचा विषय.”

झालं! काय राहू द्या? केंद्र राहू द्या, की बोलणं राहू द्या?

“चर्चा राहू द्या,” आमचे उपकुलसचिव मनोज सर नंतर म्हणाले. “चर्चा नाई झाली का टिपणीप्रमाणे मंजूर, अशी आपली पद्धत हाय. ‘बंद’ लिही.” सर वाईट नव्हते. वीस वर्षं फाइली अशाच पुढे गेल्या होत्या.

आणि मी लिहिलं. ‘केंद्र बंद करण्यास मान्यता देण्यात आली.’ हात किती सहज चालला, ते आठवलं की अजून लाज वाटते. आता तो येणार, रोज जिन्यात दिसणार, एवढंच मनात होतं.

ललितची रजिस्टरं परत पाठवायची होती. बांधता बांधता एक पान उघडलं. ‘आकांक्षा, तेल्हारा. गुणपत्रिकेत नाव आकांशा. चौथी खेप.’ आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथं लोक फक्त ‘निकाली’ लिहितात, तिथं त्याच्या अक्षरात : ‘आज काम झालं. पोरगी हसली.’

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. सरकारी रजिस्टरात असं लिहिणाऱ्या माणसावर माझं प्रेम बसलं होतं, आणि मी त्याच माणसाची खिडकी बंद करत होते.

तशीच उठले आणि इतिवृत्ताचा मसुदा घेऊन कुलगुरूंकडे गेले.

“सर, अकराव्या विषयावर तुम्ही ‘राहू द्या’ म्हणालात.”

“म्हणालो असेन.” त्यांना खरंच आठवत नव्हतं. “तुम्हाला त्यातून काय समजलं?”

‘चर्चा राहू द्या’ असं म्हटलं असतं, तर कोणीच मला विचारायला येणार नव्हतं.

“सूर्यभानजी केंद्राबद्दल बोलत होते, सर. तुम्ही त्यांच्याकडे बघून मान हलवली. केंद्र राहू द्या, असंच.”

“बरोबर. मग तसं स्पष्ट लिहा.” मी मसुद्यातलं ‘बंद’ खोडून ‘सुरू ठेवावे’ लिहिलं आणि त्यांनी सही केली.

बाहेर येऊन ललितला फोन लावला. केंद्र वाचल्याचं सांगितलं. आणि आधी काय लिहिलं होतं, तेही सांगितलं. लपवून काय करणार होते?

हळूच, पहिल्यांदाच एकेरीवर येत त्यानं विचारलं, “तू खरंच लिवलं होतं?”

“हो. अर्धा दिवस तसंच होतं.”

“आवडलं असतं मले,” तो म्हणाला. “रोज तुले पाह्यलं असतं. पण रोज त्या खिडकीतल्या पोरीबी आठवल्या असत्या... बरं केलं तू. पण आता तू तिकडं, मी इकडं.”

“ललित, एका शिक्क्यासाठी पोरी दोन गाड्या बदलून तुह्याकडं येतात. मले तं इथून, बडनेऱ्याहून, एकच गाडी लागते.”

“म्हणजे?”

“म्हणजे मले तू पाहिजे. रविवारी येऊन राहिली मी.”

“डबा कोणता, ते सांगून ठेव,” तो म्हणाला. “अकोल्याचा फलाट लय लांब हाय.”