शनिवारचा पास

आदल्या रात्री बर्फ पडला की शनिवारी लँटर्न पीक या स्कीच्या डोंगरावर काय होतं, हे मारेन टोलेफसनला पाठ होतं. सकाळीच गाड्यांचा तळ भरायचा, मग लोक घाटरस्त्याच्या कडेला गाड्या लावून स्की खांद्यावर टाकून चालत यायचे. त्या शनिवारी बचाव पथकातली तिची पाळी दुपारची होती. साधं निळं जाकीट घालून ती एकट्यांच्या रांगेत उभी राहिली. जुनी, दोन माणसांची चेअरलिफ्ट होती ती. जोडीशिवाय आलेल्याला तिथे कुणाच्याही शेजारी बसवत.

तिच्या शेजारी एक उंच तरुण येऊन बसला. दाढीत बर्फाचे कण अडकलेले.

"पाऊण तास थांबलो," तो म्हणाला. "एवढी माणसं येतात तरी कुठून?"

"डेन्व्हरहून. तुम्ही कुठून आलात?"

"...डेन्व्हरहून."

"मग सापडलं की उत्तर."

तो मनमोकळं हसला. तेवढ्यात वर कुणीतरी पडलं असावं, लिफ्ट थांबली, आणि दोघं पाइनच्या झाडांच्या शेंड्यांवर लोंबकळत राहिले. भुरभुर बर्फ पडत होता. त्याने आतल्या खिशातून अंडं-बटाटा गुंडाळलेल्या पोळीचा बरिटो काढला, मधोमध मोडला आणि अर्धा तिच्यापुढे धरला. गार झालाय, पण छातीशी ठेवलेला आहे, असं म्हणाला. मारेनने तो घेतला. एरवी अनोळखी माणसाकडून तिने काही खाल्लं नसतं.

त्याचं नाव कॉर्विन हॅडली. औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होता आणि आठवड्यात सुट्टी काय ती शनिवारची. त्याच्याकडे पास होता, एका पासावर तीसेक डोंगर. चार-पाच दिवसांच्या तिकिटांच्या पैशात हिवाळाभराचा पास निघतो, म्हणून त्याने उन्हाळ्यातच घेऊन ठेवला होता.

"एकदा घेतला की मग प्रत्येक डोंगर फुकट वाटायला लागतो," तो म्हणाला.

"आणि बर्फ पडला की सगळ्यांना एकाच दिवशी फुकट वाटतो."

"तुम्हाला माझा फार राग आलेला दिसतोय."

"तुमचा नाही. तुमच्या मागे उभ्या असलेल्यांचा," मारेन म्हणाली, आणि हसू लपवायला तिने गळपट्टा नाकापर्यंत ओढला.

राग होता, पण तो पुरता खरा नव्हता, हे तिलाही माहीत होतं. लँटर्न पीक तिचे वडील चालवत. दोन हिवाळे बर्फ जेमतेम पडला होता आणि डोंगर विकायची वेळ आली होती. त्या पासात सामील झाल्यावर पासाच्या कंपनीकडून प्रत्येक माणसामागे पैसे येऊ लागले. लिफ्टची दुरुस्ती झाली, गावातल्या कितीतरी जणांची नोकरी टिकली. मात्र शनिवार गावाचा राहिला नाही. शाळेच्या मुलांचा शर्यतीचा सराव बंद पडला, कारण त्यांना उतारावर जागाच मिळेना.

कॉर्विन पुढच्या शनिवारी आला, त्याच्या पुढच्याही. एकट्यांच्या रांगेत तो मागच्यांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणत राहायचा आणि मारेनचं पथकाचं लाल जाकीट दिसलं की पटकन सरकायचा. आपण कुणाच्या लक्षात येत नाही असं त्याला वाटायचं. लिफ्टवरची सगळी पोरं त्यावर हसायची. मारेनही वर जायला हल्ली बर्फावरची मोटार घेत नसे... पथकातल्या कुणी विचारलं, तर मोटारीचा आवाज सहन होत नाही म्हणायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मिसेस ओडेल पडल्या. गावात पियानो शिकवणाऱ्या, सत्तरीच्या, आयुष्यभर याच उतारावर स्की करत आलेल्या बाई. मांडीचं हाड मोडलं होतं. मारेनने त्यांना खाली आणलं, पण रुग्णवाहिका वर येईना. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागल्या होत्या आणि मधून तिला वाट नव्हती. बाईंचा हात धरून मारेन बसून राहिली. बाईंचे ओठ पांढरे पडत चालले होते. कॉर्विन बूट बदलून रस्त्याकडे पळाला. त्याने उपाहारगृहातून गाड्यांचे मालक शोधून आणले, चाकांखालचा बर्फ उकरला, दहा-बारा जणांना हाताशी धरून गाड्या ढकलल्या. रुग्णवाहिका आली तेव्हा बराच वेळ गेला होता. बाई वाचल्या, पण थोडक्यात.

संध्याकाळी तो उपाहारगृहाच्या रिकाम्या पायरीवर बसला होता. हात लालबुंद झाले होते. मारेनने त्याला सूपचा पेला दिला आणि शेजारी बसली.

"माझी गाडीही तिथेच होती," तो म्हणाला. "सगळ्यात आधी तीच काढली."

"हात बघू तुझे," मारेन म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्या आठवड्यात वडिलांनी तिला समोर बसवलं. पासातून बाहेर पडलं तर डोंगर पुन्हा विकायला निघेल. आत राहायचं असेल तर कंपनी एक सवलत द्यायला तयार होती. पुढच्या हिवाळ्यापासून शनिवारी तो पास लँटर्न पीकवर चालणार नाही, इतर दिवशी चालेल. बर्फावर तू असतेस, तूच सांग, असं ते म्हणाले. शनिवार म्हणजे तिच्यासाठी आता कोण, हे वडिलांना ठाऊक नव्हतं.

"शनिवार बंद करा, डॅड," ती म्हणाली.

कॉर्विनला तिने लिफ्टवरच सांगितलं.

"बरोबर केलंस," तो म्हणाला. "मीही हेच सांगितलं असतं."

"तुझ्याकडे बाकीचे तीस डोंगर आहेत की."

"आहेत. पण त्यांच्या रांगेत तू नसतेस."

ती काहीतरी बोलणार होती, पण माथा आला आणि दोघांना उतरावं लागलं.

हिवाळा संपला. उन्हाळ्यात मेसेज येत राहिले, मग विरळ झाले. कॉर्विनला दुकानात जादा पाळ्या होत्या आणि मारेनला वाटलं, त्याला बांधून ठेवणारा तो पासच होता. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही.

डिसेंबरात शनिवार पुन्हा गावाचा झाला. मुलं झेंड्यांमधून वळणं घेऊ लागली. मिसेस ओडेल काठी टेकत येऊन उन्हात बसल्या. लिफ्टला रांगच नव्हती. मारेन एकटीच खुर्चीत बसून वर जायची आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर बर्फ साचायचा. आपण घेतलेला निर्णय चुकलेला नाही, हे तिला दर शनिवारी दिसत होतं. तरी बरं वाटत नव्हतं.

शेवटी तिने वडिलांकडे पुढच्या शनिवारची सुट्टी मागितली. त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त गाडीची किल्ली पुढे केली.

पहाटे ती डेन्व्हरच्या दिशेने निघाली. समोरून वर चढणाऱ्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, टपांवर स्की, काचांवर वाफ. खाली जाणारा रस्ता मोकळा होता. कॉर्विनच्या इमारतीखाली पोचल्यावर तिने बेल वाजवली. दार उघडलं नाही. तिने फोन लावला.

"कुठे आहेस?"

"घाटातल्या बोगद्याच्या अलीकडे. तासभर हललेलो नाही."

मारेनचा आवाज पडला. "आज कुठला डोंगर?"

"लँटर्न पीक. शनिवारी पास चालत नाही ना, म्हणून पूर्ण पैसे भरून एका दिवसाचं तिकीट काढलंय," तो म्हणाला. "तुझी पाळी सकाळची आहे ना?"

ती पायरीवर बसली.

"कॉर्विन... मी तुझ्या दाराशी आहे."

तो म्हणाला, "हलू नकोस तिथून."

पुढच्या फाट्यावर त्याने गाडी वळवली. उताराचा रस्ता रिकामा होता, त्यामुळे फार वेळ लागला नाही. तो स्कीच्या पँटमध्येच धावत आला आणि तिच्यासमोर येऊन थांबला. मग मारेनच उठली आणि तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं.

"तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत," ती म्हणाली.

"माहीत आहे. प्रेमात पडलोय, तेव्हा एवढं चालायचंच."

डोकं न उचलता ती म्हणाली, "मीही पडलेय. पण पुढच्या शनिवारी मला सुट्टी नाही."

"मग मी येईन."

"आणि हा रस्ता?"

"शुक्रवारीच निघेन," कॉर्विन म्हणाला. "रात्रीची सोय होईल ना?"

"होईल," मारेन म्हणाली, आणि त्याच्या खिशातली किल्ली काढून तिने दार उघडलं.