मुग्धाचा भाषाठसा

कोल्हापूरच्या मेंदुविज्ञान संस्थेत मुग्धा शेंडे डोक्यावर ‘वाणीसेतू’ या मनातलं बोलून दाखवणाऱ्या यंत्राची जाळीदार टोपी घालून बसली होती, आणि टेबलावरचा स्पीकर ढिम्म गप्प होता. सकाळपासून तिला प्रश्न विचारून सगळे दमले होते. तिचा नवरा मंदार तर दर प्रश्नानंतर स्पीकरला कान लावायचा आणि हिरमुसून मागे सरायचा.

पक्षाघाताचा झटका येऊन तिची वाचा गेली त्याला वर्ष झालं होतं. ऐकू यायचं, कळायचं, डोळ्यांतला खट्याळपणाही शाबूत होता; पण शब्द तोंडावाटे येत नव्हते की बोटांवाटेही. साध्या हो-नाहीचीसुद्धा गल्लत व्हायची. त्याआधी सोळा वर्षं ती ‘गच्चीवरून’ नावाचा ब्लॉग लिहीत होती. कुंडीतला कढीपत्ता, शेजारणीचं कुत्रं, नळाला न येणारं पाणी, असलं काहीबाही. लिहून झालं की रात्रभर ठेवायची आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी वाचून मगच टाकायची.

“टोपीत दोष आहे का?” मेंदूतज्ज्ञ डॉ. शाहीन मुल्लांनी विचारलं.

“नाही मॅडम, टोपी झकास चाललीय,” यंत्र बनवणारा अनिकेत पोवार म्हणाला. “काय म्हणायचंय ते मेंदूतनं पकडता येतं, पण धूसर. पाणी, तहान, घसा, सगळं एकात एक. त्यातनं नेमकं वाक्य जुळवायला आणि ते कधी पुरं झालं हे ओळखायला त्या माणसाचा भाषाठसा, म्हणजे त्याची लिहायची-बोलायची सवय, लागते. बाकीच्या पेशंटांचं तिथंच अडतं. जन्मभर दुसऱ्यांचे मेसेज पुढं ढकललेले, ठसा काढायचा कशाचा? ह्यांचं सगळं स्वतःच्या शब्दांत. चूक सापडली की लेखाखाली दुरुस्ती, प्रत्येक वाचकाला उत्तर. लेख तर दिलेच यंत्राला, कच्चे मसुदेही दिले, तारखांसकट!”

“मग बोलत का नाहीत?”

“तेच कळंना झालंय.”

डॉक्टर मंदारकडे वळल्या. “समितीने उद्या दहापर्यंतच मुदत दिलीय हो. तोवर एक वाक्य जरी आलं तरी यंत्र ह्यांच्याकडेच राहील; नाहीतर काढावं लागेल. यंत्र एकच आहे, आणि पुढचा पेशंट थांबलाय.”

मंदारने मान हलवली. दुपारी दोघंच उरल्यावर तो तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला.

“मुग्धा, कोण वाचतं गं तुझं हे, म्हणून मी पिडायचो ना तुला? मनावर घेऊ नकोस. चुकलं माझं.”

खरं तर तो स्वतः वाचायचा. रोज सकाळी कारखान्यात लेथ सुरू करायच्या आधी फोनवर ‘गच्चीवरून’ उघडायचा, हसायचा आणि घरी येऊन पुन्हा चिडवायचा. हे तिला सांगायची त्याला कायम लाज वाटत आली होती, आणि आजही त्याने ते सांगितलं नाहीच. मुग्धा त्याच्याकडे बराच वेळ एकटक बघत राहिली. स्पीकर गप्पच होता.

दुसऱ्या दिवशी मुग्धा उठली, तोंड धुऊन रात्रभर घातलेल्या टोपीसकटच खुर्चीत येऊन बसली. दहा वाजले तसा अनिकेत खाली मान घालून टोपीचा पट्टा सोडायला लागला. पहिला बंद सुटला, तोच स्पीकर खरखरला.

“मंदार, तू वाचायचास. रोज सकाळी, कारखान्यातून. कोण कुठून वाचतं ते ब्लॉगवर मला दिसायचं की. म्हणून तर लिहीत राहिले.”

आवाज यंत्राचा होता, पण बोलणं तिचंच. मंदारला रडू फुटलं आणि ते त्याने लपवलं नाही. डॉ. मुल्ला चष्मा काढून पुसत राहिल्या. अनिकेतने घाईघाईने पट्टा पुन्हा बांधला आणि पडद्यावर यंत्राची नोंद उघडली.

“हे तर कालचंय!” तो ओरडला. “दुपारचं! केवढं लांबलचक होतं बघा. पाय दुखतात, इथला चहा पाणचट, एवढ्या उशिरा माफी मागतोय... आणि आता उठल्यावर ह्यांनी मनातल्या मनात सगळं खोडलं. उरलं ते बाहेर आलं.”

मंदार डोळे पुसता पुसता हसायला लागला. “अहो पोवार, ही त्या दिवसाचं त्या दिवशी कधी टाकतच नव्हती! सकाळी अर्धं खोडायची. तक्रारी आधी उडायच्या.”

“आणि मी मसुदे दिले तारखांसकट,” अनिकेतने कपाळावर हात मारला. “यंत्राला वाटलं, रात्र उलटल्याशिवाय वाक्य पुरंच होत नाही. एका मिनिटाचं काम आहे, ती अट काढून टाकतो. लगेच बोलायला लागतील.”

“त्यांना विचारल्याशिवाय नाही,” डॉ. मुल्ला म्हणाल्या. “ठसा त्यांचा आहे.”

अनिकेत मुग्धासमोर वाकला. “ताई, काढू का अट?”

स्पीकर गप्प. मुग्धाचे डोळे मात्र मिश्कील हसत होते.

“उत्तर उद्या येईल,” मंदार म्हणाला. त्याने खुर्ची जवळ ओढली आणि तिचा हात हातात घेतला. उद्या सकाळी तिचं नवं काहीतरी येणार होतं, आणि एवढ्याशा सुखाला तो वर्षभर पारखा झाला होता.