वास घेणाऱ्याचं नाव

ही गोष्ट खरी आहे. भुताची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण असंच म्हणतो, हे मान्य. पण यातली मुलगी जिवंत आहे, केजला राहते, आणि वर्षभरात तिनं दुधाचा एक थेंब तोंडात घेतलेला नाही.

मागच्या वैशाखातला गुरुवार. मांजरसुंब्याजवळची एक खासगी डेअरी. वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारी बाराची.

रोहिणी कॉम्प्युटरसमोर बसली होती. केजच्या गुरुलिंगअप्पा किराणावाल्यांची ही मुलगी. डेअरीनं एआय एजंट घेतले होते. बीडकडं एजंट म्हटलं की तो प्लॉट नाहीतर विमा गळ्यात मारतो. हे एजंट म्हणजे नुसते प्रोग्राम. मालकानं विचारायचं, त्यांनी डेअरीच्या डेटाबेसमधून उत्तर शोधून द्यायचं. पण कुठली माहिती कुठं ठेवलीय, हे त्यांना काय ठाऊक? म्हणून मध्ये एक टूल होतं, तहसीलमधल्या मुरलेल्या शिपायासारखं. कुठलं टेबल, कुठला कॉलम, त्यात काय असतं... विचारलं की सांगणार.

काय सांगणार, ते रोहिणी लिहीत होती. एका कॉलमला एक ओळ. शनिवारी डेअरी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हे चालवून दाखवायचं होतं. झालं तर नोकरी पक्की. नाही झालं तर वडिलांनी बघून ठेवलेला लातूरचा मुलगा पक्का.

दोनच कॉलम राहिले होते. ‘वास’ आणि ‘वास घेणारा’.

“शहादेवमामा, हे काय आहे हो?”

टाक्या सांभाळणारा शहादेव दारात तंबाखू मळत होता. “ते व्हय? आमचा बंकट. टाकीचं झाकण उघडायचा, नाक घालायचा, अन् सांगायचा. चांगलं, न्हाईतर परत. मशीनच्या आधी त्याला कळायचं. लई तिखट नाक.”

“मग त्यांनाच विचारते. कुठं असतात?”

“गेला की तो. येत्या दिवाळीला दोन वर्षं होतील.”

रोहिणीनं स्क्रीनकडं पाहिलं.

आज सकाळची नोंद होती. वास : चांगला. वास घेणारा : बंकट.

“मग हे?”

“नाव टाकल्याबिगर कॉम्प्युटर पुढं सरकत न्हाई, ताई. आमाला कुणाला तसलं नाक न्हाई. म्हणून त्याचंच टाकतो. तो कशाला तक्रार करतोय?”

दीड वर्ष एक मेलेला माणूस रोज सहा टाक्या पास करत होता.

रोहिणीनं ओळ लिहिली. ‘टाकीतल्या दुधाचा वास. पूर्वी बंकट घेत असत.’ मग नेहमीसारखं टूललाच विचारून पाहिलं.

टूलनं सांगितलं...

‘टाकीतल्या दुधाचा वास. बंकट घेतो.’

तिला वाटलं, आपलीच चूक. ओळ दुरुस्त केली. पुन्हा विचारलं.

‘बंकट घेतो. टाकी चार : परत. उंदीर, तीन दिवसांचा.’

आणि मग तो वास आला...

आधी मोरीत विसरलेल्या ओल्या फडक्यासारखा. मग आंबट. मग त्या आंबटाखालून काहीतरी गोडसर. तो टाळूला चिकटला. थुंकी गिळवेना.

“मामा, टाकी चार उघडा.”

“तीन दिवस टँकरची वाट बघत भरून ठेवलीय. कशाला उघडायची?”

“उघडा म्हणते ना!”

झाकण उघडलं. वर पिवळट साय, बोटभर जाड.

सायीतून शेपूट वर आलेलं होतं.

शहादेवनं ओगराळं घातलं. ओगराळ्यात कातडं आलं... बाकीचं दुधातच राहिलं. सायीवर बारीक केस पसरले.

रोहिणी नालीपाशी जाऊन ओकली.

मालक अर्जुनराव आले. भाजीत खडा निघाल्यासारखं त्यांनी आत पाहिलं. म्हणाले, “गाळून घ्या.”

“काका, त्यात उंदीर सडलाय!”

“सडला होता. आता काढला. तापवल्यावर काय राहतंय? टँकर येऊन उभा हाय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “अन् ते मेल्या माणसाचं नाव काढ. पाहुण्यांपुढं बरं दिसतंय का? जित्या माणसाचं टाक. तुझंच टाक.”

“माझं?”

“नोकरी पक्की करायची हाय ना, पोरी?”

रोहिणी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. मग तिनं टाइप केलं.

टाकी चार. वास : चांगला. वास घेणारा : रोहिणी.

वास गेला... एकदम. कुणीतरी झाकण लावावं तसा.

बाहेर टँकर सुरू झाला.

शनिवारचा कार्यक्रम झकास झाला. पाहुण्यांनी एजंटला विचारलं, आज दूध कसं आहे? एजंटनं टूलला विचारलं आणि सांगितलं, ‘सहाही टाक्या चांगल्या. वास घेणारी : रोहिणी.’ टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी मसाला दूध दोन-दोन ग्लास घेतलं. नोकरी पक्की झाली.

सोमवारी सकाळी सहाला रोहिणी केजला, आपल्या घरात, झोपेतून दचकून उठली.

तोंडात काहीतरी गार, दाट, आंबट होतं...

जिभेवर काहीतरी चिकटलं होतं. तिनं ते बोटानं ओढून काढलं.

पातळ, खवल्याखवल्यांची कातडी.

तिनं मोबाइलवर नोंदी उघडल्या. पाच मिनिटांपूर्वीची नोंद. ‘टाकी दोन : परत. पाल. वास घेणारा : रोहिणी.’

तिनं शहादेवला फोन लावला. “मामा, ही नोंद कुणी केली?”

“कुणी न्हाई, ताई. हापिसाचं कुलूप बी काढलं न्हाई आजून.”

“टाकी दोन उघडा.”

फोनवर झाकणाचा आवाज आला.

“ताई... तुमाला कसं कळलं?”

तिनं नोकरी सोडली. अर्जुनराव शपथेवर सांगतात, तुझं नाव त्याच दिवशी काढलं. काढलंही असेल.

तरी काही सकाळी, सहाच्या सुमारास, रोहिणी मोरीकडं धावते. तोंड धुते. मग शहादेवला फोन करून टाकीचा नंबर सांगते; तो तिला आपोआप कळतो. शहादेव ते दूध नालीत ओतून टाकायचा. मालकाला न सांगता.

गेल्या महिन्यापासून शहादेव तिचा फोन उचलत नाही.

टँकर मात्र वेळेवर निघतो.