देवेशची चोपन्न वाक्ये

शनिवार, दिनांक १८ जानेवारी २०२५ रोजी, दुपारी दोन वाजता, एडमंटन शहराच्या दक्षिण भागातील एका घराच्या बेसमेंटमध्ये, आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या मुलांनी तयार केलेल्या चित्रपटाची लांबी निश्चित करण्यासाठी बैठक झाली. बाहेर उणे सत्तावीस अंश होते. बैठकीला दोघेच जण होतो: चित्रपटाची दिग्दर्शिका गुंजन आणि मी.

मी पुलांचे आराखडे तपासतो. प्रांतिक सरकारच्या नोकरीत सव्वीस वर्षे हेच काम केले आहे. दुसऱ्याने काढलेल्या रेषेतली चूक शोधणे हा माझा व्यवसाय आणि दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यातली शोधणे हा माझा दुर्गुण, असे माझी पत्नी म्हणते. चित्रपट इंग्रजीत होता आणि फेब्रुवारीत मंडळाच्या सभागृहात तो पाहायला भारतातून आलेले आजी-आजोबाही बसणार होते; म्हणून मराठी सबटायटल्स लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते पुलाच्या आराखड्याइतक्याच निष्ठेने केले. प्रत्येक पात्राच्या प्रत्येक वाक्याला क्रमांक दिला, ते कोणत्या सेकंदाला सुरू होते आणि कोणत्या सेकंदाला संपते ते लिहिले, मध्ये किती विराम आहे तेही लिहिले.

कथा साधी होती. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी आणि तिच्यावर प्रेम करणारे दोन मुलगे. मुलीचे काम माझ्या मुलीने, जाईने केले होते. एक मुलगा इतामार, टोरांटोहून दोन वर्षांपूर्वी इकडे आलेल्या अल्बर्ट आणि डोरिस यांचा. कोकणातल्या यहुदी घराण्यातला, आणि आजीमुळे आमच्या सगळ्या मुलांहून चांगले मराठी बोलणारा. दुसरा देवेश, आमचे नागपूरचे स्नेही मिलिंद आणि सुनेत्रा यांचा एकुलता एक. शेवटी मुलगी इतामारबरोबर जाते. मुलांना अभिनय सोपा जावा म्हणून गुंजनने तिघांची खरी नावेच पात्रांना दिली होती. मला ते तेव्हाही पसंत नव्हते, परंतु तो निर्णय माझ्या कक्षेतला नव्हता.

त्या दुपारी वाद झाला तो अडतिसाव्या शॉटवरून. शाळेमागच्या बसथांब्यावर, पहिला बर्फ पडत असताना, देवेशला जाईला सांगायचे असते की तू त्याच्याबरोबर गेलीस तरी मला चालेल. हे इंग्रजी वाक्य त्याने नीट म्हटले. मग थोडा थांबला आणि पटकथेत नसलेले एक वाक्य मराठीत बोलला.

“जाई, हे मी पाठ केलेलं नाहीये.”

आणि जाई म्हणाली, “आय नो.”

मी म्हणालो, हे वाक्य काढावे. माझे मुद्दे तीन होते. ते संहितेत नव्हते. संपूर्ण चित्रपटात मराठी वाक्य हे एकच, म्हणजे एकसूत्रीपणाला बाधा. आणि ज्याची निवड होत नाही त्या पात्राने शेवटाकडे स्वतःचा आवाज चढवू नये, शांतपणे बाजूला व्हावे, हा रचनेचा जुना नियम आहे.

“काका, अख्ख्या पिक्चरमध्ये तो एकच शॉट खरा आहे,” गुंजन म्हणाली.

“खरा आहे म्हणूनच तिथे शोभत नाही,” मी म्हणालो.

ती माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान होती आणि वादात मी सहसा हरत नाही. चौथा मुद्दा मी मांडला नाही. ते वाक्य ऐकताना माझ्या मुलीचा चेहरा जसा झाला होता, तसा मी तो कधी पाहिला नव्हता, आणि दोनशे लोकांनी तो पाहावा हे मला नको होते. गुंजनने ते वाक्य आणि देवेशची आणखी सात वाक्ये काढली. देवेशची त्रेसष्ट वाक्ये उरली.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हलने काढत होतो तेव्हा देवेश जाईला सोडायला आला. मी विचारले, “काय देवेश, कसं चाललंय?”

“कान्ट कम्प्लेन. नोबडी लिसन्स एनीवे,” तो म्हणाला.

हे त्याचे एकतिसावे वाक्य. मी हसलो. नटाने आपल्या भूमिकेतले वाक्य व्यवहारात वापरणे यात विनोद आहे, आणि तो मला कळला हे त्याला कळावे असे वाटले. तो हसला नाही. गाडीत बसला आणि गेला.

चार दिवसांनी तो काम करत असलेल्या ग्रोसरीच्या दुकानात गेलो. त्याने सामान पिशव्यांत भरले. पिशवी जड आहे, राहू दे, मी नेतो, असे मी म्हणालो. तो इंग्रजीत म्हणाला की मला जमेल, हे काही जड नाही. सत्तावन्नावे वाक्य. शाळेच्या दृश्यात तो जाईचे दप्तर उचलतो तेव्हाचे. ‘मला जमेल’ नंतरचा विराम चित्रपटात एक पूर्णांक चार दशांश सेकंद आहे. दुकानातला विराम मी मोजला नाही. मोजण्याची गरज वाटली नाही, कारण तो मला पाठ होता.

त्या दिवसापासून मी नोंद ठेवू लागलो. मंडळाची संक्रांत, जाईचा वाढदिवस, एकदा त्यांच्या घरचे जेवण. दोन आठवड्यांत देवेश माझ्यासमोर सेहेचाळीस वेळा बोलला. माझ्या यादीबाहेरचे एकही वाक्य नव्हते. जेवताना आईने पोळी हवी का विचारले तर “आय एम गुड”, बाराव्या क्रमांकाचे. अभ्यास झाला का असे मिलिंदने विचारले तर “ऑलमोस्ट”, विसाव्या क्रमांकाचे. दोघांनाही काही खटकले नाही. इथल्या कुठल्या घरात खटकेल? आपण मराठीत विचारतो, मुले इंग्रजीत दोन शब्दांत उत्तर देतात आणि जिना उतरून बेसमेंटमध्ये जातात. सतरा वर्षांच्या मुलाला आईवडिलांशी बोलायला किती वाक्ये लागतात, याचा हिशेब कोणी केलेला नाही. मी केला. चौदा पुरतात.

इतामारला मी मुद्दाम तपासले. त्याने मला दहा मिनिटे सोडले नाही. “अंकल, तुम्ही माझ्या तोंडी ‘निःसंशय’ घातलंय. मी ‘टोटली’ म्हणालो होतो. माझी आजी ते वाचून विचारेल, हा कोण भटजी?” मग गाडीचे विंटर टायर्स, गणिताचे शिक्षक, डोरिसने केलेली माशाची आमटी. त्याच्या शब्दांना अंत नव्हता. मला इतके हायसे वाटले की मी ‘निःसंशय’ काढून टाकला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गुंजनने मला न विचारता चित्रपट आणखी चार मिनिटांनी कमी केला. सभागृह पाचला रिकामे करायचे होते. देवेशची नऊ वाक्ये गेली. त्यांत बारावे आणि विसावेही होते. चोपन्न उरली.

मी त्या शनिवारी पुन्हा मिलिंदकडे जेवायला गेलो. सुनेत्राने पोळी विचारली. देवेशने ताटाकडे पाहिले आणि काहीच बोलला नाही. तिने पोळी वाढली. त्याने खाल्ली. तिने पुन्हा वाढली.

जाईला मी देवेशबद्दल विचारले तेव्हा ती टेबलाशी बसून फोनचे कव्हर काढत आणि घालत होती. आधी म्हणाली, काही नाही. मग म्हणाली, तो बरोबर उत्तरे देतो, कधीच चुकत नाही. नंतर तिने कव्हर टेबलावर ठेवले.

“प्रॉब्लेम त्याचा नाहीये, बाबा. माझा आहे. त्याच्या उत्तराला फिट होईल असाच प्रश्न मी विचारते. मला दुसरा सुचतच नाही.”

तिने गेले दहा दिवस त्याला फोन केला नव्हता.

मी तपासणीचा माणूस आहे. यादीतल्या कोणत्याही वाक्याने ज्याचे उत्तर देता येणार नाही असा प्रश्न मी तयार केला. दुपारी साडेतीनला, शाळा सुटताना, एलआरटीच्या, म्हणजे शहरी रेल्वेच्या, स्टेशनवर त्याला गाठले. ऊन होते, पण त्यात ऊब नव्हती. मी विचारले, “देवेश, तुझ्या नागपूरच्या आजीचं नाव काय रे?”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याची नजर सरकली आणि माझ्या डाव्या खांद्यापासून दोन हात दूर, रिकाम्या जागी स्थिर झाली. चित्रपटातल्या स्टेशनच्या दृश्यात इतामार तिथे उभा होता.

गाडी आली. दारे उघडली.

“आस्क मी टुमॉरो,” तो त्या जागेला म्हणाला, आणि आत गेला.

चव्वेचाळिसावे.

आता मला काय करायचे ते स्पष्ट होते. त्या मुलाचे स्वतःचे असे एकच वाक्य होते, आणि ते मी काढायला लावले होते. ते परत घालायचे. प्रदर्शन बावीस तारखेला होते. त्यानंतर गुंजन मूळ चित्रीकरण पुसणार होती, कारण ती डिस्क उसनी होती. मी सोळा तारखेला, रविवारी सकाळी अकराला तिच्या बेसमेंटमध्ये पोहोचलो. मी चुकलो होतो, असे मी तिला पायऱ्या उतरता उतरताच सांगितले. माझ्या तोंडून हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकले असावे. तिने ते साजरे केले नाही. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते.

“शॉट थर्टी-एट, टेक थ्री,” ती म्हणाली. “काका, मी तो परवाच लावून बघितला. आज तुम्ही बघा.”

तिने लावला.

बसथांबा. काचेला चिकटलेले बर्फाचे पहिले कण. जाई, हिरवी टोपी. समोर देवेश. तो त्याचे इंग्रजी वाक्य म्हणतो. थांबतो.

मी वाट पाहिली.

त्याचे ओठ मिटलेले होते. ते मिटलेलेच राहिले. ध्वनिपट्टीवर दूरच्या रस्त्याची सपाट घरघर होती. अकरा सेकंद.

त्या अकरा सेकंदांत जाई मात्र ऐकत होती. तिची मान किंचित वर आली. तिचा चेहरा, जो मला लोकांना दाखवायचा नव्हता, अगदी तसाच झाला. तिचे डोळे भरले.

“आय नो,” ती त्या मिटलेल्या तोंडाला म्हणाली.

गुंजनने पुन्हा लावला. आणि पुन्हा.

तिसऱ्या वेळी मला दिसले की जाईच्या तोंडातून प्रत्येक श्वासाला वाफ निघत होती. देवेशच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती.

“मी हे ऐकलं होतं,” गुंजन म्हणाली. “मी एडिट केलंय ते. तुम्ही पण ऐकलं होतं ना?”

मी होय म्हणालो. तिने बाकीचे टेकही लावून दाखवले. त्यांत ते वाक्य कधीच नव्हते.

मी तिथून सरळ मिलिंदकडे गेलो. दुपारचा एक वाजला होता. सुनेत्राने चहा ठेवला, चिवडा काढला. मी यादी टेबलावर मांडली. चोपन्न वाक्ये, क्रमांक, तारखा. मी सगळे क्रमाने सांगितले. शॉट, माझा वाद, माझी चूक, सकाळचे अकरा सेकंद. काही लपवले नाही, चौथा मुद्दाही नाही. त्यांनी मला एकदाही मध्येच तोडले नाही. आमच्या ओळखीत असे कधी झाले नव्हते.

मी म्हणालो, त्याला डॉक्टरकडे न्या, रजा काढून नागपूरला न्या, काहीही करा, पण त्याच्याकडून स्वतःचे एक वाक्य काढून घ्या. बावीस तारखेच्या आत.

“वहिनी,” मी विचारले, “तो तुमच्याशी शेवटचं मराठीत कधी बोलला?”

सुनेत्राने चिवड्यातला एक शेंगदाणा वेगळा काढला. आठवू लागली. मग उठून जिन्याच्या तोंडाशी गेली आणि तिने हाक मारली.

तो वर आला. केस विंचरलेले, शर्ट खोचलेला. टेबलाशी उभा राहिला. यादी त्याच्यासमोर होती. तिच्याकडे त्याने पाहिले नाही.

“देवेश,” ती म्हणाली, “आईशी काहीतरी बोल, बाळा. काहीही बोल.”

तो तिच्याकडे वळला. एक पूर्णांक नऊ दशांश सेकंदांनी म्हणाला, “यू डोन्ट हॅव टू वरी अबाउट मी.”

एकोणपन्नासावे.

सुनेत्राने त्याच्या गालावर हात ठेवला. ती हसत होती.

तो खाली गेला. पायऱ्यांचा आवाज थांबला. दार लागले.

मिलिंदने माझी यादी उचलली, कडा जुळवल्या, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. सहा महिन्यांपूर्वी याच खोलीत हा मुलगा वडिलांवर ओरडत असे, मला इंजिनियरिंग नको म्हणून दारे आपटत असे, हे मला माहीत होते. महिन्याभरापूर्वी त्याने निमूटपणे अर्ज भरला होता.

“तुमचं सगळं बरोबर असेल, देवदत्तराव,” मिलिंद म्हणाला. “पण आम्हाला तो असाच हवा होता.”