आमिषाचं झाड

दुपारचं जेवण उरकून डेल्फीन आणि तिचा थोरला दीर ॲम्ब्रोज दलदलीकडे निघाले, तेव्हा घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. अमेरिकेच्या ईशान्येकडल्या मेन राज्यातली ऑक्टोबरअखेरची ढगाळ दुपार. एक झाड पाडायचं, साल सोलायची, आत अळ्या आहेत का बघायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं. चुलीवर मूस हरणाच्या मटणाचा रस्सा ठेवून, लेकीला, मार्सेलाला, लक्ष ठेवायला सांगून ती आली होती.

झाड काळ्या ॲशचं. त्याचं खोड कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने ठोकत गेलं की लाकडाचे थर पट्ट्यांसारखे सुटतात, आणि त्या पट्ट्यांच्या टोपल्या विणून डेल्फीनच्या आदिवासी जमातीच्या पिढ्या जगल्या. आता परमुलखातून आलेला एक हिरवा भुंगेरा ॲशच्या मुळावर उठला होता. तो इथवर पोचलाय का हे कळावं म्हणून वसंतात एका झाडाच्या सालीचं कडं कापून ठेवतात. झाड खंगतं, त्याचा वास सुटतो आणि भुंगेरे आधी तिथेच येतात. वाघासाठी बोकड बांधावा, तसं. सालीखाली अळीची एक जरी नागमोडी वाट निघाली, तर दलदलीतले सगळे ॲश पाडायचे, असं वस्तीत ठरलं होतं. मग मार्सेलाने विणायचं ते कशाचं? हीच धास्ती डेल्फीनला उन्हाळाभर खात होती.

झाड तिनेच निवडलं होतं, आणि तिथेच ती चुकली. टोपल्यांसाठी हेरलेल्या झाडाच्या बुंध्याशी माणूस चिमूटभर तंबाखू ठेवतो. मग ते झाड त्याचं, इतरांनी हात लावायचा नाही. हे झाड तिच्या नवऱ्याने, लिएंडरने, हेरलेलं. पाडायच्या आधीच तो गेला. त्याच्या झाडाच्या पट्ट्या दुसऱ्या कुणी काढाव्यात हे तिला सोसेना, म्हणून तिने तेच आमिषाला दिलं. ॲम्ब्रोजने तेव्हाच तोंड वाकडं केलं होतं.

दलदलीच्या काठाशीच आवाज कानी आला. ठक, ठक, ठक. मग विसावा. पुन्हा ठक, ठक, ठक.

"सुतारपक्षी," ॲम्ब्रोज म्हणाला. "अळ्यांचा पत्ता त्यालाच आधी लागतो. लक्षण काही बरं नाही."

डेल्फीन ठोके मोजत होती. लिएंडरचा खांदा अधू होता. तीन ठोके घातले की तो थांबायचा. सारा संसार तिने त्या ठोक्यांच्या संगतीने केला होता.

ते झाडापाशी पोचले आणि आवाज थांबला. पक्षी कुठेच नव्हता. सालीवर दोन-चार भोकं होती, पण गोल.

"हे आपलेच रानातले जुने किडे," ॲम्ब्रोज म्हणाला. "परक्याचं भोक एका बाजूने सपाट असतं. डोळे मंदावले असतील माझे, पण एवढं बोटालाही कळतं."

झाड पडलं. ओल्या चिखलाच्या वासात तंबाखूचा वास मिसळला; ॲम्ब्रोजने तर कधीच सोडली होती. दोन मुठींच्या सुऱ्याने त्यांनी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत साल सोलली. आत पांढरंशुभ्र लाकूड, नागमोडी वाट एकही नाही. डेल्फीनला रडूच फुटलं. रान वाचलं होतं.

डोळे पुसून तिने लाकडावरून हात फिरवला आणि हात तिथेच थबकला.

लाकडाला खोल ठोके पडलेले होते, ओळीने, बुंध्याकडून शेंड्याकडे. वरचा थर सुटून पट्टीसारखा उचलला होता. प्रत्येक ठोक्याच्या कोपऱ्यात एकच खाच. लिएंडरच्या कुऱ्हाडीचा तेवढाच कोपरा उडालेला होता.

"त्याची कुऱ्हाड..."

"शवपेटीत त्याच्या उशाशी ठेवली. मीच ठेवली..."

"साल तर शाबूत होती, ॲम्ब्रोज..."

त्याने एका खाचेवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाला, "आमिष लावलं की त्या झाडावर ज्याचा जीव असतो ते येतं, डेल्फीन. भुंगेराच येईल असं थोडंच आहे..."

आमिषाचं झाड जाळायचं असतं, नाहीतर आतलं जे असेल ते जवळच्या ॲशमध्ये शिरतं. त्यांनी साल, ढलप्या, खोडाचे तुकडे, सगळं पेटवलं. डेल्फीनने आगीत तंबाखू टाकली आणि माझं चुकलं म्हणाली. निखारे विझेपर्यंत दोघं हलली नाहीत. ठोका ऐकू आला नाही.

घरी आल्यावर तिला हायसं वाटलं. मार्सेला दिव्याजवळ विणत होती. ॲम्ब्रोजने वाडगा पुढे ओढला आणि रस्सा खारट झालाय म्हणून पुतणीला चिडवलं. लिएंडरने बनवलेल्या खुर्चीत डेल्फीन टेकली आणि तिची नजर घरभर फिरली. भिंतीवरच्या टोपल्या, दारामागची काठी, ही खुर्ची. त्या घरात ॲशवाचून होतं तरी काय?

"आई," मार्सेलाने हातातली पट्टी दिव्याशी धरली, "हिच्या कोपऱ्यात ही खाच कसली गं? सकाळी नव्हती."

डेल्फीन खुर्चीत ताठ झाली. तिच्या पाठीला, लाकडाच्या आतून, हलके तीन ठोके बसले होते. आता तो विसावा घेत होता.