पहिल्या खुर्चीवरची ताई

"हे काय आहे?"

चेलोच्या तारांखालच्या घोडीला चिकटवलेला, वायरीवर बँडचं नाव लिहिलेला नखाएवढा मायक्रोफोन बाबांनी उपटून जेवणाच्या टेबलावर आपटला, आणि चहा गाळता गाळता ताईचा हात जागीच थबकला... सकाळच्या तालमीआधी आज नेमके ते तिच्या तारा तपासायला बसले होते, आणि आठ महिने जिवापाड जपलेलं गुपित त्या इवल्याशा वस्तूनं एका क्षणात उघडं पाडलं होतं!

"त्याच्या बँडमध्ये वाजवतेस? त्या केस झटकत किंचाळणाऱ्या टोळक्यात? वीस वर्षं याचसाठी शिकवलं तुला?"

"बाबा, तो तुमचा मुलगा आहे हो!"

"मला मुलगा नाही!"

सहा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावानं चेलो सोडला, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवली आणि तो हेवी मेटल वाजवायला लागला. त्या दिवसापासून हे वाक्य या घरात धोंड्यासारखं पडून होतं. आई गेली तेव्हाही बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. गेल्या वर्षी ताई त्याच्या खोलीवर गेली, तर स्वारी धड जेवत नव्हती की झोपत नव्हती. म्हणाला, "ताई, माझ्यासोबत वाजव ना गं. घरातलं कुणीतरी माझ्या बाजूला आहे असं वाटेल." तिला नाही म्हणवलं नाही.

पण तिच्या काळजावरचं खरं ओझं निराळंच होतं. बाबांना ऐकू येईनासं झालं होतं, समोरच्याचे ओठ बघून ते वेळ मारून नेत! दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वाद्यवृंदाच्या तालमीत व्हायोलिनं साफ बेसूर झाली आणि संचालन करणारे बाबा समाधानानं मान डोलवत राहिले, तेव्हाच तिला ते कळून चुकलं. तेव्हापासून मुख्य चेलोवादकाच्या पहिल्या खुर्चीवरून ती गजाच्या इशाऱ्यानं, भुवईनं, श्वासानं सगळ्यांना सावरून नेत होती. बाबा समोर हात हलवत आणि चाळीस वादक तिच्याकडे बघून वाजवत. बाबांच्या मानाखातर तेही गप्प होते. परदेशातल्या एका मोठ्या वाद्यवृंदाचं बोलावणं तिनं बाबांना कारण न सांगता फाडून टाकलं ते यासाठीच... ती गेली असती, तर पहिल्याच कार्यक्रमात बाबांचं हसं झालं असतं! इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या वीतभर जागेत तिचा जन्म चालला होता.

"रविवारी दुपारी मैदानावर कार्यक्रम आहे. मी शब्द दिलाय," ती कशीबशी म्हणाली.

"गेलीस तर परत या घरात..." बाबांना वाक्य पुरं करता आलं नाही.

ती गेली. रविवारी भर उन्हात, काळ्या कपड्यांतल्या त्या पोरांच्या मधोमध ती चेलो घेऊन बसली, तेव्हा डोळे आधीच भरून आले होते. आणि तिला ओढून घरी न्यायला निघालेले बाबा गर्दीतून वाट काढत थेट मंचाच्या कडेपर्यंत आले... आणि तिथेच थांबले! कपाटाएवढ्या लाउडस्पीकरांतून तिची सर्वांत जाड तार घुमत होती, मंचाच्या फळ्या तिच्या नादानं थरारत होत्या. बाबांनी हात मंचाच्या फळीवर टेकला, डोळे मिटले, आणि गाणं संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

नंतर मंचामागे ते तिच्या अगदी समोर येऊन उभे राहिले.

"पोरी, आज तू मला ऐकू आलीस गं! दोन वर्षं मी नुसता तुझा गज बघतोय... वाटायचं, कुणालाच कळलं नाही." ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून, बाबा."

"म्हणून ते बोलावणं नाकारलंस?"

तिनं होकारार्थी मान हलवली. बाबांचा चेहरा ढासळला.

"अगं, काय करून बसलीस हे! माझी अब्रू झाकायला स्वतःला कोंडून घेतलंस? उद्या मी राजीनामा देतोय. तू पुन्हा लिही त्यांना. नाही लिहिलंस, तर खरंच बोलणार नाही तुझ्याशी!"

धाकटा गिटार छातीशी धरून कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. बाबा त्याच्यापाशी गेले, घसा खाकरला, आणि सहा वर्षांनी पहिलं वाक्य बोलले.

"तुझा ड्रमवाला फार घाई करतो रे."

"सांगतो त्याला, बाबा," धाकटा म्हणाला, आणि लहान पोरासारखा हुंदके देत त्यांच्या गळ्यात पडला.

ताई तिथल्याच एका खोक्यावर बसली. दोघांपैकी कुणाकडेही लक्ष न ठेवता, कितीतरी दिवसांनी, ती मनसोक्त रडली.