वीतभर वरचा दिवा

जिन्याच्या वळणावर ती अडकली होती, आणि अडकलोय हे मान्य करायची तिची मुळीच तयारी नव्हती.

रॅकचे लोखंडी खांब खांद्यावर होते. त्यांची वरची टोकं भिंतीला टेकलेली, खालची कठड्यात घुसलेली, आणि मधे ती. मागे सरकावं तर कठडा सोडत नव्हता, पुढे जावं तर भिंत हटत नव्हती. तेवढ्यात वरून कुणीतरी शीळ घालत उतरलं आणि तिच्यासमोर येऊन थबकलं. अंगावर मळका शर्ट, खांद्यावर वायरचं भलंमोठं वेटोळं आणि चेहऱ्यावर आगाऊ हसू.

"मला उतरायचंय," तो म्हणाला.

"थांबा जरा. मी चढतेय."

"चढताय? मी बघतोय तेव्हापासून तर तुम्ही एकाच पायरीवर आहात."

"दम घेतेय!"

"घ्या, घ्या. मला काही घाई नाही..." असं म्हणून तो चक्क पायरीवर बसला.

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर आल्या पावली परत गेला असता. हा मात्र हनुवटीवर हात ठेवून बसून राहिला. शेवटी तिचाच हात भरून आला.

"बरं," ती दातओठ खात म्हणाली, "वरचं टोक धरता का?"

"आता कसं बोललात!" तो उठला. "खालचं आधी उचला. हां... आता तिरकं. नाटकाच्या मंचावर याहून अडनिड्या वस्तू चढवल्यात आम्ही."

खांब सुटले. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या तिच्या बाबांनी आधी खांबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"रॅक आणायला गेली होतीस ना? हा माणूस कुठून आणलास?"

"वरच्या मजल्यावरचे आहेत, बाबा."

"मग वर जाऊ दे त्यांना."

पण तो काही वर गेला नाही, आणि खालीही गेला नाही. तो नाटकांची प्रकाशयोजना करायचा. स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या कोठीत भिंतीला टेकवलेल्या एलईडीच्या नळ्या दिसताच त्याचे डोळे चमकले.

"हे कशाला?"

"मिरचीची रोपं करायला."

"मिरच्या? कोठीत?"

"का? काही हरकत?"

"छे. पण दिवे मी लावणार."

"मला जमतं."

"जमत असेलच. मला आवडतं."

तिने एक नळी उचलून त्याच्या हातात ठेवली.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिथे केसभर चूक चालत नाही. अशा कामात मुरलेली माणसं घरीही कुणाची चूक पोटात घालत नाहीत. तीही घालत नसे. त्यातून ती आता हट्टाला पेटली होती. आईने अंगणात एक मिरची जपली होती, बुटकी, जांभळी, पिकली की लालभडक होणारी. आई गेल्यावर बाबांनी त्या मिरचीचं बी राखलं. मग बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला, अंगणाचं घर विकलं, बापलेक या लहानशा जागेत आले आणि बी डबीत पडून राहिलं. मिरचीचं बी काही वर्षानुवर्षं दम धरत नाही. यंदा रोपं धरली तर धरली, नाहीतर आईची मिरची कायमची संपली. थंडी सरेपर्यंत रोपं कोठीत वाढवायची आणि मग गॅलरीतल्या कुंड्यांत लावायची, असं तिने ठरवलं होतं.

"उगवायचं नाही ते," बाबा म्हणायचे. "उगाच जीव नको टांगणीला लावूस."

"उगवणार!" ती म्हणायची, आणि स्क्रू आणखी एक फेरा आवळायची.

दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी येऊ लागला. ती फळ्या बसवायची, तो वायरी ओढायचा. कधी पाना हवा म्हणून हात पुढे करायचा आणि पाना मिळाल्यावरही क्षणभर तसाच धरून ठेवायचा. ती "काय?" म्हणायची. तो "काही नाही..." म्हणायचा. बाहेरून बाबांचं खाकरणं ऐकू यायचं.

"मिरचीबाई, वरची फळी काढू या," एक दिवस तो म्हणाला.

"मिरचीबाई कोण?"

"तिखट बोलतं ते. फळी काढली की दिवे छताशी टांगता येतील. दोन बाजूंनी, तिरपे. कुणाच्या तोंडावर सावली पडायला नको."

त्याने तसेच टांगले. त्यांच्यावर फिकट पिवळा कागदही लावला. मग बाहेरचा दिवा मालवला आणि बटण दाबलं... आणि ती कळकट कोठी उजळून निघाली. काळ्या मातीचे ट्रे, रॅकचं लोखंड, भिंतीवरची ओल, सगळंच देखणं दिसू लागलं. तो लहान मुलासारखा हसत तिच्याकडे पाहत होता.

दिवे रोपांच्या डोक्यावर वीतभर हवेत, त्याहून वर नकोत, हे तिला माहीत होतं. वाचून, विचारून पक्कं केलेलं होतं. तोंड उघडलंही होतं तिने. पण ते हसू पाहून शब्द घशातच राहिले.

"छान आहे," ती म्हणाली.

डबीतलं बरंचसं बी तिने पेरलं. बाबांनी हट्टाने चिमूटभर मागे ठेवायला लावलं. आणि उगवलं की! इवले वाकडे कोंब माती ढकलून वर आले, तेव्हा ती नाचायचीच बाकी राहिली होती. बाबा नुसतं "हं" म्हणाले, पण त्या दिवसापासून त्यांची खुर्ची दारातून उठून कोठीच्या तोंडाशी आली.

मग कोंब उंच होऊ लागले. नको इतके उंच, बारीक, फिकट. छताशी टांगलेल्या त्या उजेडाच्या ओढीने ते नुसते ताणत सुटले. एका सकाळी ती पाहते तो ट्रेमधली झाडून सगळी रोपं आडवी झाली होती.

"दोरे झालेत दोरे," बाबा हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं.

संध्याकाळी तो आला आणि दारातच थिजला.

"हे... माझ्या दिव्यांमुळे?"

"हो!" ती कडाडली. "हे काय नाटक आहे? दिवे जवळ लागतात त्यांना! जवळ!"

"मला नव्हतं माहीत..." त्याचा चेहरा पडला. "खरंच नव्हतं. एकदा सांगायचं होतं हो."

काचेचा तुकडा चुकीचा कापला की दुकानात ती कधी दुसऱ्याचं नाव पुढे करत नसे. आणि इथे सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळी होत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"दिवे वर आहेत ते. त्याच दिवशी माहीत होतं. बोलले नाही मी."

"तुम्ही? तुम्ही गप्प बसलात?" त्याने मान वर केली. "जिन्यात अडकून पडला होतात तरी तोंड बंद नव्हतं तुमचं!"

"तुम्ही हसत होता..." तिने आडवं पडलेलं एक रोप बोटाने उचलून धरलं. "इतके खूश होऊन माझ्याकडे बघत होता. ते हसू मोडवेना मला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासाठी गप्प बसले आणि आईची मिरची मातीत घातली."

तो ट्रेशेजारी उकिडवा बसला.

"मग मीही सांगतो," तो खाली बघत म्हणाला. "हे दिवे टांगणं एका दुपारचं काम. मी रोज थोडंथोडं केलं, कारण... संपलं की यायचं कशाला, असं झालं असतं."

"मला वाटलं, याला काम येत नाही!" बाहेरून बाबा म्हणाले.

दोघं दचकली. मग तिने डोळे पुसले, बाह्या वर केल्या आणि स्टूल ओढलं.

"चला. काढा तो पिवळा कागद. फळी परत बसवायची आहे."

"आत्ता?"

"आत्ताच. चिमूटभर बी उरलंय, आणि मी हरलेली नाही."

त्याने साखळ्या आणल्या. दिवे फळीखाली टांगले, रोपं वाढतील तसे कडी-कडीने वर घेता येतील असे. तिने अंगठा आणि करंगळी ताणून अंतर मोजलं. "अजून खाली." तो खाली घ्यायचा. "अजून." त्याने वीत मोजणारा तिचा हात मधेच धरला, आणि ती या खेपेला "काय?" म्हणाली नाही. नुसती लाजली.

मागे राखलेलं बी पेरलं. कोंब आले. पंख्याच्या मंद वाऱ्यात डोलत, दिव्याखाली वीतभर अंतर राखून, खाली मान घालून वाढले. बुटकी, जाड बुंध्याची, काळपट हिरवी रोपं! बाबांनी एका पानाखाली बोट धरलं आणि पुष्कळ वेळ ते काढलंच नाही. "तिच्याच हातची वाटतात," एवढंच म्हणाले.

रोपांना आता मुळं पसरायला मातीने भरलेला एकेक वेगळा पेला हवा होता आणि कोठीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. थंडी तर अजून हटायचं नाव घेत नव्हती.

"वर माझ्याकडे मोठी खोली रिकामी आहे," तो जपून जपून म्हणाला. दोघं केव्हाच एकमेकांना अरेतुरे करू लागली होती. "रॅक वर हलवू या का?"

तिने हातातला पेला खाली ठेवला.

"रॅक एकटा यायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मीही येणार. लग्न करून. तू विचारशील म्हणून वाट बघत बसले असते, पण गप्प बसून एकदा रोपं घालवली आहेत मी. आता नाही बसायची. मला तू आवडतोस. बोल."

त्याचे कान लाल झाले.

"आधी... बाबांना विचारायला नको का?"

"बाबा केव्हाचे ऐकताहेत!" बाहेरून आवाज आला. "हो म्हण लवकर. हिच्या आईच्या मिरच्या खोळंबल्यात."

"हो," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून, मोठ्यांदा, पुन्हा म्हणाला, "हो!"